दोन रामकिसन, एक दगड

पाळणा लोखंडी होता. चिकलठाण्याच्या कारखान्यातल्या एका वेल्डरनं नानासाहेबांच्या मुलासाठी हौसेनं करून दिलेला. दगड काळा होता आणि तो तिकडं फर्दापूरच्या अलीकडं, खैरखेड्याच्या वेशीवर उभा होता. दोन्हींवर एकच नाव चढायचं होतं, आणि ते लागोपाठ उरकावं असा नानासाहेबांचा हट्ट होता. या घराण्याला हट्ट काही नवा नाही. हट्टापायीच तर एका पिढीत दोन रामकिसन झाले.

बारशाला जमलेल्या बायका घुगऱ्या निवडता निवडता तोच किस्सा पुन्हा घोळवत होत्या. थोरले रामकिसन वारले तेव्हा फकिरा आणि बद्रीनाथ या त्यांच्या दोन्ही मुलांच्या बायका दिवसांत होत्या. एकाच महिन्यात दोघींना मुलगे झाले. बाप माझ्याच घरी परत आला, असं फकिरा म्हणे. बद्रीनाथही तेच म्हणे. नाव ठेवायचा मान बहिणीचा, म्हणजे मनकर्णाबाईचा. ती तेव्हा कोवळी पोर, नुकतीच नांदायला गेलेली. भावांचं मन कुठं मोडा, म्हणून तिनं दोन्ही पाळण्यांत एकच नाव घातलं आणि घुगऱ्या खाऊन सासरी निघून गेली. निस्तरत बसली भाऊकी. मग एकाला 'फकिराचा' म्हणायला लागले, दुसऱ्याला 'बद्रीचा'.

हसण्यावारी जायची गोष्ट इथवरच. पुढं हे दोन्ही रामकिसन पोलीस अ‍ॅक्शनच्या आधी सरहद्दीपलीकडं, खानदेशातल्या कॅम्पात जाऊन राहिले आणि निजामाच्या नाक्यावर चाल करून गेलेल्यांत दोघंही होते. एक जण तिथं पडला. दुसरा परत आलाच नाही. मनकर्णाबाईचं सासर त्या नाक्याच्या शिवेला, तेव्हा बातमी तिनंच आणली: पडला तो फकिराचा. त्याची बायको सरूबाई सात महिन्यांची गरोदर होती. तिच्या बांगड्या फुटल्या, पण गाव तिच्यापुढं मान झुकवू लागलं. बद्रीच्या रामकिसनचं काय झालं ते कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून ते गावानं आपल्या मनानं ठरवलं. पळाला म्हणाले. खानदेशात दुसरी केली म्हणाले. त्याची बायको द्वारकाबाई बारा वर्षं कुंकू लावत राहिली. बारा वर्षांनी रीतीप्रमाणं पळसाच्या पानांचा माणूस करून नदीवर जाळला आणि तिचंही कपाळ पुसलं. तिला त्या दिवशी रडू आलं नाही, संताप आला. पानं जाळून मोकळी झालेली ती भाऊकी तिनं मनातून कधी माफ केली नाही.

पोलीस अ‍ॅक्शनला आता तीस-बत्तीस वर्षं होऊन गेली होती आणि गावाला एकाएकी आपल्या हुतात्म्याची आठवण झाली होती.

"नाना, पाथरवट उद्या माघारी जायचं म्हन्तोय," सरपंच आप्पासाहेब बाहेरच्या खोलीत खुर्चीवर अवघडून बसत म्हणाले. "'रामकिसन' कोरून झालंय. खालची ओळ बापाच्या नावाला मोकळी सोडली. तेवढं सांगा म्हंजे झालं."

"सांगायचं काय त्यात? फकिरा. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"गावाला हाय. पर द्वारकाकाकूनं निरोप धाडला व्हता. म्हनं, मी बोलल्याबिगर छन्नी चालवायची नाय. तिला डावलून कोरलं तर ती दगडापुढं येऊन बसंल. मला तमाशा नको."

नानासाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. ते फकिराच्या रामकिसनचे, बापाला न पाहिलेले पुत्र. 'हुतात्म्याचा पोरगा' या दोन शब्दांवर ते लहानाचे मोठे झाले, शिकले, इथं शहरात सुपरवायझर झाले. एक सल मात्र त्यांना होती. बाप गेल्यावर जन्मलेल्या मुलाला बापाचंच नाव देतात, ही साऱ्या मुलखाची रीत. त्यांना ते मिळालं नव्हतं. मनकर्णाबाईनं त्यांच्या पाळण्यात 'नानासाहेब' घातलं होतं, आणि का, म्हणून कुणी विचारलं तर दुःखाची आठवण कशाला रोज, एवढंच म्हणाली होती. दोन मुलींच्या पाठीवर आता मुलगा झाला होता. बापाचं राहून गेलेलं नाव त्याला द्यायचंच, असं त्यांनी दवाखान्यातच ठरवून टाकलं होतं.

"नाव कोरायच्या आधी माझंबी ऐकायचं," दारातून आवाज आला.

द्वारकाबाई सिल्लोडला गाडी बदलून सकाळीच आल्या होत्या. सोबत मनकर्णाबाई. म्हातारीला पोटचं कुणी उरलं नव्हतं, गेली काही वर्षं ती द्वारकाबाईंच्याच भाकरीवर होती. आल्यापासून द्वारकाबाईंनी या घरात पाण्याचा घोट घेतला नव्हता, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही असं नाही.

"मोठी माय, बसा की," नानासाहेब उठले. "आजच्या दिवशी हा विषय नको."

"आजच. उद्या दगडावर चढलं की मंग विषय कुठला?" त्या बसल्या नाहीत. "मला पैसा नको, शाल नको, नारळ नको. माझा मानूस पळाला नाय, येवढंच मला पायजे. नाक्यावर पडला तो माझा व्हता."

"पुरावा काय त्याला?"

"म्या. चार वर्सं संसार केला त्याच्यासंगं. पायात काटा मोडला तरी वखर न सोडनारा मानूस. तो टाकून पळंल?"

"अशा बोलण्यावर दगड कोरत नाहीत, मोठी माय." नानासाहेबांचा आवाज मऊ होता, पण त्यात माघार नव्हती. "माझ्या बापाचा मान मी कुणाला देणार नाही. तुम्ही मागितला तरी नाही."

"देऊ नगंस. म्या घेऊन जाईन," द्वारकाबाई म्हणाल्या आणि आत वळल्या. आप्पासाहेबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली.

आत स्वयंपाकघरात द्वारकाबाईंची मुलगी साळूबाई घुगऱ्यांना फोडणी देत होती. नानासाहेबांना सख्खी बहीण नाही, म्हणून बाळाची आत्या तीच. कानात नाव सांगायचा मान तिचा. नवं लुगडं नेसून ती पहाटेपासून राबत होती आणि आईकडं बघायचं टाळत होती.

"साळे, ते नाव तू घालायचं नाय," द्वारकाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"माय, पुरे झालं आता." साळूबाईनं झाकण आदळलं. "मला माहेर म्हनून हे एकच घर हाय. दिवाळीला कोन बोलावतं मला? नाना. पोरीच्या लग्नात आहेर कुनी केला? नाना. तुझ्या दगडापायी हेबी दार बंद करू?"

"तुला सासरी काय म्हनत व्हते, इसरलीस?"

साळूबाई विसरली नव्हती. भाकरी करपली की सासू म्हणायची, पळपुट्याची लेक, हिचं चित्त एका जागी कसं राहील? पण ते ऐकून ऐकून तिची कातडी निबर झाली होती. बापाचा तिला चेहराही आठवत नव्हता. न आठवणाऱ्या माणसासाठी आठवणाऱ्या भावाला का तोडायचं, हे तिला खरंच कळत नव्हतं.

"म्या नाव घालनार," ती म्हणाली. "तुला बघवत नसंल तर भायेर बस."

द्वारकाबाई बाहेर बसल्या नाहीत. पाळण्याच्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसल्या, मनकर्णाबाईच्या शेजारी. समोर उंबऱ्याशी सरूबाई. दोघी विधवा पाळण्यापासून अंतर राखून, जशी रीत आहे तशा. या दोघी जावा एकमेकींशी भांडल्या अशा कधीच नव्हत्या. एकीला शाळेत झेंड्याच्या दिवशी खुर्ची मिळायची आणि दुसरी कुंपणाबाहेरून शेण वेचत जायची, एवढंच. सरूबाई खुर्चीवर बसली की पायाखाली बघत बसे. द्वारकाबाईंना तो गर्व वाटायचा. ती लाज होती की काय, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

बायकांनी बाळ पाळण्याखालून, पाळण्यावरून घेतलं-दिलं. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या." बाळाच्या आईच्या, सूनबाईच्या डोळ्यांत हौस मावत नव्हती. पुरुष दाराशी येऊन उभे राहिले. साळूबाई पाळण्यावर वाकली. पाठीत बुक्के घालायला पोरीबाळींनी आधीच मुठी वळल्या होत्या.

"थांब साळू," मनकर्णाबाई म्हणाली. "ते नाव नगं."

खोलीत हसू फुटलं. "अहो आत्याबाई, तुम्हीच तर दोन-दोन पोरांना ठेवलं हे नाव," कुणीतरी म्हणालं.

"तवा ठेवलं. आता नगं. हरी ठेवा, गोपाळ ठेवा. कायबी ठेवा."

नानासाहेब पुढं आले. कधी नव्हे तो त्यांचा आवाज चढला. "माझ्या वेळीही तुम्ही असंच केलंत. बाप जाऊन दोन महिने झाले होते. माझं नाव रामकिसन असायला पाहिजे होतं. तुम्ही कुणाला विचारलं नाही. आता माझ्या पोरालाही आडव्या येता? का म्हणून?"

मनकर्णाबाई पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली.

द्वारकाबाई तिच्याकडं बघत होत्या. नानाच्या बारशाला पाळण्याची दोरी त्यांच्याच हातात होती. त्या दिवशी त्यांनाही नवल वाटलं होतं. मेलेल्या माणसाचं नाव घरात फिरतं ठेवावं, नाहीतर तो उंबऱ्याबाहेर ताटकळतो, हे साऱ्या भाऊकीला शिकवलं ते याच बाईनं. स्वतःचा मुलगा गेला तेव्हा वर्षाच्या आत त्याचं नाव पुतण्याच्या पोराला घातलं होतं तिनं. ती रीत तिनं एकदाच मोडली होती. आज दुसऱ्यांदा मोडत होती. आणि दोन्ही वेळा त्याच एका माणसासाठी.

"आत्याबाई," द्वारकाबाई सावकाश म्हणाल्या, "जित्या मानसाचं नाव पाळन्यात घालावं का?"

"नाय घालू," म्हातारी सवयीनं म्हणाली.

"का?"

"एकाचं आयुक्ष दुसरा खातो."

"मंग सांगा. नानाच्या पाळन्यात त्याच्या बापाचं नाव तुम्ही का नाय घातलं?"

पाळण्याची कडी एकदा कुरकुरली. सूनबाईनं हात लावून पाळणा थांबवला. सरूबाईनं मान वर केली.

"बोला आत्याबाई," द्वारकाबाई म्हणाल्या. "माझ्या हातची भाकर खाता तुम्ही. मला तेवढं सांगा."

"म्या पायलं त्याला, द्वारके."

"कुनाला?"

"दोघांलाबी." म्हातारीनं बोटाभोवतीचा पदर सोडला. "नाक्यावर पडला त्याला कॅम्पातल्या पोरांनी आमच्या शिवारात आनलं. त्यांना दोघंबी नुसते रामकिसन. तिथंच जाळला. तोंडावरलं फडकं म्या काढलं. बद्रीचा व्हता. तुझा. दुसऱ्या दिशी फकिराचा आला. आमच्या गोठ्यात येऊन बसला. म्हनला, आत्या, गोळी सुटली अन् म्या त्याला टाकून पळालो. कोन्त्या तोंडानं घरी जाऊ? मलाच मेला म्हन, म्हनला."

"आन् तुम्ही म्हनलात."

"सरू सात महिन्यांची व्हती. फकिरा भाऊ अंथरुनाला. पळपुट्याचं पोर म्हनून ते गावात कसं वाढलं असतं? तुझ्या पदरात पोरगी. पोरगी नांदायला जाती, तिला बापाचं नाव कशाला लागतं, असं वाटलं मला."

साळूबाईनं आत्तापर्यंत पाळण्याची दांडी धरून ठेवली होती. ती तिनं सोडली. "मला रोज लागलं," ती म्हणाली. "रोज. भाकरी करपली तरी लागलं." मग ती चालत आली आणि आईच्या शेजारी, पण उभीच राहिली. आईच्या अंगाला अंग लावून.

"जिवंत आहे?" नानासाहेबांनी विचारलं.

"पाचोऱ्याकडं. परसाली पोळ्याला निरोप आला व्हता. दुसरी नाय केली त्यानं. एकलाच ऱ्हातो, एका मळ्यात."

एका वाक्यात नानासाहेबांना बाप मिळाला होता आणि त्याच वाक्यात गेलाही होता. कारखान्यातले लोक, गावची शाळा, झेंड्याचा दिवस, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं. मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि ते आप्पासाहेबांकडं वळले.

"आप्पासाहेब, हे घरातलं आहे. घरातच राहू द्या. दगड ठरल्याप्रमाणं होऊ द्या."

आप्पासाहेबांनी जमिनीकडं बघितलं. "म्या काय ऐकलं नाय," ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. सरपंच होता.

"म्या ऐकलंय," द्वारकाबाई उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, पण एका दमात. "नाना, तू माझ्या मांडीवर वाढलास. तुझं वाईट व्हावं असं मला कदी वाटलं नाय, आजबी वाटत नाय. पर तुझं चांगलं व्हावं म्हनून माझा मानूस पळपुटा ऱ्हानार नाय. उद्या छन्नी चालली तर म्या दगडाला मिठी मारून बसंन. आधी माझ्या बोटांवर चालवा म्हनावं."

"मोठी माय, माझं काय होईल ते तरी बघा..."

"नाना, गप," सरूबाई म्हणाली.

ती क्वचितच बोलायची. आता उंबऱ्यावरून उठून मधोमध येऊन उभी राहिली, पाळण्याच्या पार जवळ, रीतीभातीची पर्वा न करता. तिचं उघडं कपाळ घामानं भिजलं होतं. सात महिन्यांची असताना त्यावरचं कुंकू पुसलं, तेव्हा तो पाचोऱ्याला जाणारी वाट चालत होता. हे तिला एकेका घोटानं समजत होतं आणि प्रत्येक घोट कडू होता.

"आप्पासाहेब, बापाचं नाव बद्रीनाथ लिव्हा."

"माय!"

"जिता मानूस मयताच्या दगडावर चढवू? म्या?" ती मुलाकडं वळली. "आन् त्यानं काय केलं? पळाला. भ्याला असंल, पोरगंच व्हतं, भ्याल्याचं कायबी नाय. पर मंग घरी यायचं व्हतं. म्या त्याला घरात घेतला असता, गावानं थुकलं तरी. तो आला नाय. पडल्याचा मान पडलेल्याला. ज्यानं जीव वाचवला त्यानं तो जगावा." ती द्वारकाबाईंकडं वळली आणि तिचा आवाज बदलला. "आन् बाई, तुमाला म्या काय देनं लागत नाय आता. तुमचं तुमी घेऊन चालल्या. माझं काय उरलं ते माझं म्या बघते."

जिंकल्यावर इतकं ओकंबोकं वाटतं, हे द्वारकाबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. पण त्या मागं सरल्या नाहीत.

आप्पासाहेब दोघींकडं बघत राहिले. "बद्रीनाथ," ते शेवटी म्हणाले. "बरं. तसंच सांगतो पाथरवटाला."

बाळ रडायला लागलं. सूनबाईनं त्याला उचललं, पुन्हा ठेवलं, सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. लेकरू बिननावाचं पाळण्यात पडून होतं.

"काहीही ठेवा," नानासाहेब म्हणाले. "हरी ठेवा. गोपाळ ठेवा. मला काही सुचत नाही."

"ठरलंय तेच ठेवा," द्वारकाबाई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडं बघू लागले.

"माझ्या मानसाचं नाव कुन्याच पाळन्यात गेलं नाय. हरवलेल्याचं नाव कोन ठेवील? उंबऱ्याबाहेर ताटकळलाय तो इतकी वर्सं. आज तो मेला. आज ठेवा." मग नानाकडं वळून, "तुझ्या लेकराला ते मिळावं, असं मला वाटतं नाना. त्याचं नाव तुझ्याच घरात सांडलं, तिथंच भरावं."

नानासाहेब आईकडं बघत होते, आणि आई पाळण्याकडं. मग त्यांनी खाली पडलेली पाळण्याची दोरी उचलली आणि साळूबाईच्या हातात दिली.

"ठेव, अक्का."

साळूबाई पाळण्याशी गेली. वाकली, पण नाव घेतलं नाही. मान वळवून तिनं विचारलं, "कुनाचं म्हनून ठेवू, माय? तू सांग."

द्वारकाबाईंनी लग्नापासून ते नाव तोंडातून काढलं नव्हतं. उखाण्यातही नाही, कारण आजेसासऱ्याचंही तेच. नवरा हरवला तेव्हा पाटलानं विचारलं, त्याचं नाव काय, तरी त्यांनी शेजारच्या बाईला सांगायला लावलं होतं. त्यांनी पदर सारखा केला आणि समोर बघितलं.

"रामकिसन," त्या म्हणाल्या. "रामकिसन बद्रीनाथ."

साळूबाईनं बाळाच्या कानाला तोंड लावलं. आत्तापर्यंत वळलेल्या मुठी तशाच राहिल्या. आत्याच्या पाठीत बुक्का घालायला कुणाचाच हात उठेना. बायका एकमेकींकडं बघत होत्या.

मग सरूबाई पुढं आली आणि पहिला बुक्का तिनं घातला. तो थट्टेचा नव्हता. साळूबाईचं कपाळ पाळण्याच्या दांडीवर आपटलं. ती सरळ झाली नाही. दुसऱ्या बुक्क्यासाठी तिनं पाठ तशीच वाकवून ठेवली.